तारणाची तारीख सांगता आली नाही, तर तारण झालंच नाही का?

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांना सलाम. तारणाचा, म्हणजे पापापासून सुटकेचा, हा प्रश्न माझ्या वडिलांसाठी, आप्पांसाठी विचारतेय, पण थोडा माझाही आहे.

आप्पा आता ८१ वर्षांचे. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी चालू आहे, ते तिसऱ्या पिढीतले. लहानपणी बाप्तिस्मा, मोठेपणी पाळकांकडे शिकवणी होऊन मंडळीचे पूर्ण सभासद, पुढे बरीच वर्षं मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ. पहाटे उठून शास्त्र वाचल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. या पावसाळ्यात हृदयाचं दुखणं वाढलं, मिरजेला ठेवावं लागलं. आता घरी आणलंय, पण अंथरुणावरच असतात.

एक प्रचारक बंधू भेटायला आले होते. प्रार्थनेआधी त्यांनी विचारलं, "काका, तुमचं तारण कोणत्या दिवशी झालं?" आप्पा म्हणाले, लहानपणापासून प्रभूवर विश्वास आहे. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे तारीख नाही. ज्याला जन्माचा दिवस ठाऊक नाही, त्याचा नवा जन्म झालाय असं कसं म्हणायचं?" त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून आप्पा रात्र रात्र जागे असतात. परवा मध्यरात्री मला उठवून विचारलं, "माझा देवाशी समेट झालाय का गं?" आयुष्यभर दुसऱ्यांना वचनं सांगणाऱ्या माणसाने हे विचारावं, याने माझ्या पोटात गलबललं.

धीराचे शब्द मी देऊन झाले. मला शास्त्राचा आधार हवाय. कुणी नीट समजावून सांगेल का?


निवृत्त पाळक (सातारा)

सलाम, ताई. आप्पांना माझा निरोप द्या: नवा जन्म होणं आणि त्याची तारीख आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून असते! शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. खरी कुणालाच ठाऊक नाही. तरी त्यांना कुणी विचारत नाही, की तुम्ही जन्मलात तरी का.

आता प्रेषितांची कृत्ये, १६ वा अध्याय काढा. एकाच फिलिप्पै शहरातली दोन माणसं आहेत. लुदिया नदीकाठी प्रार्थनेच्या जागी बसलेली असते, प्रेषित पौल बोलत असतो, आणि प्रभू तिचं अंतःकरण उघडतो. बाकी काही घडत नाही. त्याच अध्यायात पुढे तुरुंगाचा अधिकारी येतो. मध्यरात्र, भूकंप, जीव द्यायला उपसलेली तलवार, आणि "माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू?" हा आकांत. दोघांनाही पौलाने सारखाच बाप्तिस्मा दिला, दोघांच्याही घरी पाहुणचार घेतला. लुदियाचा विश्वास शांतपणे आला म्हणून कमी ठरला नाही.

तीमथ्याला तर घरातूनच विश्वास मिळाला. आधी आजी लोईस, मग आई युनीके, मग तो (२ तीमथ्य १:५). बालपणापासून त्याला पवित्र शास्त्र ठाऊक होतं (३:१५). पौलाला स्वतःला दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्त भेटला तो दिवस पक्का आठवत होता, तरी त्याने तीमथ्याकडे असा दिवस कधी मागितला नाही. तुमचे आप्पा तीमथ्याच्या वाटेने आलेत.

आणि खात्री कशावर उभी आहे ते पाहा. योहान ५:२४ मध्ये प्रभू म्हणतो, जो माझं वचन ऐकतो आणि मला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, तो मरणातून जीवनात पार गेला आहे. तेव्हा आप्पांना एवढंच विचारा: आज, या खाटेवर, तुमची भिस्त कुणावर आहे? स्वतःच्या वडीलपणावर, पहाटेच्या वाचनावर, की वधस्तंभावर मेलेल्या आणि उठलेल्या ख्रिस्तावर? उत्तर ख्रिस्त असेल, तर रोमकरांस ८:१ त्यांच्यासाठी लिहिलंय. दंडाज्ञा नाही.

सांगली-मिरजेकडचं जुनं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्या परंपरेचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीच्या शिकवणीचा लिखित जाहीरनामा, १६४० च्या दशकात लंडनला लिहिला गेला. त्याचा १८ वा अध्याय अख्खा याच विषयावर आहे. तो म्हणतो, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही पूर्ण खात्री मिळायला फार वाट पाहावी लागू शकते. मिळालेली खात्रीही एखाद्या पापाने, अचानक आलेल्या परीक्षेने किंवा देवाने मुख झाकल्यासारखं झाल्याने डळमळते. खात्री डळमळली म्हणून तारण गेलं, असं मात्र तो म्हणत नाही. ज्या मंडळीत आप्पा वाढले तिचीच ही शिकवण आहे, त्यांना आठवण करून द्या.


पहाटवारा (कराड)

प्रेज द लॉर्ड, ताई. माझ्याकडे तारीख आहे. दारूने घर गेलं होतं, बायको माहेरी होती. एका प्रार्थनासभेत प्रभूने मला धरलं, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तरीही पाळकसाहेबांशी मी सहमत आहे. माझी तारीख ही माझी साक्ष आहे. ती दुसऱ्याच्या गळ्यात मोजमाप म्हणून अडकवायची नसते.

पण त्या बंधूंच्या बाजूने थोडं बोलतो, कारण त्यांची कळकळ मला कळते. आपल्या जुन्या मंडळ्यांत कितीतरी लोक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्यापुरतेच ख्रिस्ती आहेत. त्यांना "नव्याने जन्मल्यावाचून देवाचं राज्य दिसत नाही" हे कुणी सांगितलंच नाही तर? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळायचा राहिला होता. काही वर्षांनी तो मिळाला, तेव्हा त्यांच्या मनाला शांती आली. एवढ्या विदुषीला जर हे शोधावं लागलं, तर प्रश्न विचारणं चूक नाही. फक्त तो आजाऱ्याच्या खाटेशी, अशा तऱ्हेने विचारू नये.


मिरज_सिस्टर

मी नर्स आहे. पाळकांनी सांगितलं ते उत्तमच आहे, मी दुसरं सांगते. हृदयाच्या पेशंटला आडवं झोपल्यावर दम लागतो, रात्री अचानक घुसमटून जाग येते. त्या घुसमटीत मनात येईल ती भीती दुप्पट होते. आप्पा रात्रीच का जागतात, हे आधी डॉक्टरांना सांगा. पाठीला उशा देऊन उंच झोपवा आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून परत तपासून घ्या. फार विश्वासू माणसांना मी शेवटच्या दिवसांत घाबरलेलं पाहिलंय. ती भीती शरीराची असते, तिच्यावरून त्यांच्या विश्वासाचा निवाडा करू नका.

आणि लांब अध्याय वाचू नका, थकतात. स्तोत्र १३० पुरे. किंवा योहान ६:३७, माझ्याकडे येणाऱ्याला मी कधीच घालवून देणार नाही. एकच वचन, हात हातात घेऊन, हळू.


अजिंक्यतारा (सातारा)

मी ख्रिस्ती नाही. आमचं वारकरी घर, वडिलांच्या गळ्यात माळ. ताईंच्या वडिलांसाठी मनापासून प्रार्थना करतो. एक शंका आहे, चुकीच्या जागी विचारत असेन तर सांगा.

समेट भांडण झालं असेल तरच होतो. मग देव माणसावर रागावला होता आणि त्याचा राग शांत करायला येशूला मरावं लागलं, असंच ना? आमच्याकडे भक्त आणि देव यांचं नातं लेकरू आणि माउलीचं. माउलीला कुणी मनवायला लागत नाही. म्हणून हा समेट मला परका वाटतो.


निवृत्त पाळक (सातारा)

दादा, जागा अगदी बरोबर आहे. ताईंच्या प्रश्नाचं मूळ तुम्ही काढलंत.

रागावलेला बाप आणि मध्ये पडून त्याला शांत करणारा प्रेमळ मुलगा, असं चित्र काही प्रवचनांतून उभं राहतं खरं. शास्त्र मात्र वेगळं सांगतं. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो (५:१८-१९), की हे सगळं देवापासून आहे, देवच ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता, लोकांचे अपराध त्यांच्याकडे न मोजता. पाऊल उचललं ते देवाने. दुरावा आमच्या बाजूने होता, पाठ आम्ही फिरवली होती. रोमकरांस ५ मध्ये तर तो म्हणतो, आपण शत्रू असतानाच हा समेट झाला. आपण सुधारू, रडू, विनवू, याची देवाने वाट पाहिली नाही.

मग मरण कशासाठी? कारण पाप ही "जाऊ दे" म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्या गरिबाला विचारा, देवाने अन्यायाकडे डोळेझाक करावी का? देव न्यायीही राहतो आणि पाप्याला जवळही घेतो, ते वधस्तंभावर. त्याची किंमत त्याने दुसऱ्या कुणाकडून वसूल केली नाही, स्वतःच सोसली. ख्रिस्त हा देवाबाहेरचा कुणी तिसरा नव्हे.

तुमची माउलीची कल्पना आम्हालाही परकी नाही. याच साताऱ्यात १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत म्हणून. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांच्याजवळ तारीख होती, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. पण त्याआधीची त्यांची सगळी तळमळ देवाच्या हिशेबात नव्हती, असं मी म्हणू शकत नाही.

आणि ताई, तुमच्यासाठी यातला मुद्दा हा. समेट आप्पांनी केलेला असता, तर तो आप्पांच्या हातून मोडलाही असता, आणि मग रात्रभर जागं राहणं साहजिक होतं. पण तो देवाने केलाय.


वसईकर (सध्या सांगली)

मी कॅथलिक आहे, नोकरीमुळे सांगलीत. आमची भूमिका थोडी वेगळी आहे, पण इथे उपयोगी पडेल असं वाटतं.

आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ च्या जानेवारीत नीतिमान ठरवलं जाण्याविषयी जो ठराव केला, त्यात म्हटलंय की देवाने खास प्रकट केल्याशिवाय, मी शेवटपर्यंत टिकणारच असं कुणी चुकू न शकणाऱ्या खात्रीने म्हणू नये. प्रोटेस्टंट बांधवांना हे कोरडं वाटतं. आम्हाला त्यातून भीती शिकवली जात नाही, आशा शिकवली जाते. देवाच्या दयेवर शंका घ्यायची नाही, स्वतःच्या दुबळेपणावर मात्र विसंबायचं नाही. आणि मन टोचत असेल तर फादरांपाशी जाऊन पाप कबूल करायचं आणि क्षमेचे शब्द आपल्या कानांनी ऐकायचे. माझी आई गेली त्या आठवड्यात फादर घरी आले, तिने पापनिवेदन केलं, त्यांनी तेल लावलं. त्यानंतर तिचा चेहरा मी पाहिलाय. नुसतं मनात "मला क्षमा आहे" म्हणणं आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकणं यात फरक पडतो. तुमच्याकडे हा संस्कार नसला, तरी याकोब ५:१६ तुमच्याही शास्त्रात आहे: एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा.

भांडणासाठी लिहीत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, की माणूस आपल्या पुण्याईने नव्हे, तर ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने, केवळ कृपेने देवाला मान्य होतो. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. मूळ गोष्टीवर आपण एकत्र आहोत.


प्रश्नचिन्ह (विटा)

सगळे गोड बोलताहेत. पण इब्री ६:४-६ चं काय? ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथे सरळ लिहिलंय. मी हे वाचल्यापासून मला स्वतःला खात्री उरलेली नाही. एकदा तारण झालं की कायमचं झालं, असं म्हणणारे हा उतारा वाचतात की नाही?


शब्बाथशाळा (जत)

दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, बरेच जण हा उतारा मनात दाबून ठेवतात.

इब्री लोकांस पत्र ज्यांना लिहिलंय, ते छळाला कंटाळून ख्रिस्ताला सोडून द्यायच्या बेतात होते. जाणूनबुजून त्याला नाकारून निघून जाणाऱ्यांना तो इशारा आहे. आपण दूर तर गेलो नाही ना, म्हणून तळमळणाऱ्याला तो लागू करू नका. ज्याला ख्रिस्त नकोसा झालाय त्याला ही तळमळ लागतच नाही. त्याच अध्यायाच्या ९ व्या वचनात लेखक म्हणतो, प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची याहून चांगली खात्री आहे. ६ वं वचन वाचून पुस्तक मिटू नका, १९ व्यापर्यंत जा.

तारण गमावता येतं का, यावर मंडळ्यांचं एकमत नाही हे मान्य करायला हवं. नेदरलँड्समध्ये भरलेल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या १६१८-१९ च्या डॉर्ट परिषदेने सांगितलं, की देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली म्हणाला, माणूस विश्वास टाकून देऊ शकतो. मी पहिल्या बाजूची आहे, योहान १०:२८-२९ मुळे. त्याच्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही. पण लक्षात घ्या, आजच्या खात्रीवर वेस्लीचा जोर कमी नव्हता. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत त्याला मनात ऊब दाटल्यासारखं वाटलं, आणि ख्रिस्ताने माझी, माझीच पापं दूर केली ही खात्री झाली. तोवर तो पाळक होता, मिशनरी म्हणून अमेरिकेला जाऊन आला होता. पुढे जन्मभर तो रोमकरांस ८:१६ सांगत राहिला, की आपण देवाची लेकरं आहोत याची साक्ष आत्मा स्वतः देतो. ताईंच्या आप्पांच्या खाटेशी या दोन्ही बाजूंचं माणूस बसलं, तरी एकच सांगेल: आत्ता ख्रिस्ताकडे पाहा.


कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे आभार. सिस्टर, डॉक्टरांनी औषध बदललं, दोन रात्री बऱ्या गेल्या.

१६ वा अध्याय वाचून दाखवला. लुदियापाशी आप्पांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग पाळकसाहेबांचा प्रश्न विचारला, आज भिस्त कुणावर? "ख्रिस्तावर, दुसऱ्या कुणावर असणार," म्हणाले. मला वाटलं, झालं. पण काल वसईकरांचं याकोब ५:१६ वाचलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तारखेचं निमित्त झालं. मला टोचतोय तो दत्तू."

दत्तू म्हणजे माझे चुलते, साताऱ्यात असतात. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवरून दोघं भाऊ बोलत नाहीत, मी शाळेत होते तेव्हापासून. आप्पा म्हणतात, "वडील म्हणून मी प्रभुभोजनाची भाकर फिरवली आणि सख्ख्या भावाला दारात उभं केलं नाही. मग माझा समेट खरा कसा?" आता याला काय उत्तर देऊ? आधी भावाशी मिटवल्याशिवाय देवाची क्षमा नाही, असं आहे का?


निवृत्त पाळक (सातारा)

ताई, हे आप्पांच्या तोंडून आलं याबद्दल मी देवाचे उपकार मानतो. विश्वास मेलेल्या माणसाला भाऊ टोचत नाही.

मत्तय ५:२३-२४ स्पष्ट आहे: वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यातून पळवाट नाही, आणि आप्पांना ती हवीही नसेल. पण क्रम चुकवू नका. भावाशी मिटवणं ही देवाच्या क्षमेची किंमत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडे बघा, लूक १९. प्रभू आधी त्याच्या घरी उतरला. मग जक्कय उठून म्हणाला, लुबाडलेलं चौपट परत देतो. कृपा घरात आली म्हणून हात मोकळा झाला. दत्तूकाकांनी फोन उचलला नाही, तरी आप्पांचा देवाशी समेट रद्द होत नाही. पौलानेही "शक्य तर, तुमच्याकडून होईल तितकं" असंच म्हटलंय (रोमकरांस १२:१८). आप्पांनी आपल्या बाजूचं करावं. जमिनीचा निकाल लागायलाच हवा असं नाही.

पत्ता मला व्यक्तिगत निरोपात कळवा. काकांची हरकत नसेल तर मी स्वतः जाऊन भेटतो.


वसईकर (सध्या सांगली)

आमच्याकडे प्रायश्चित्ताला समेटाचा संस्कारही म्हणतात, आणि क्षमा मिळाल्यावर ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई द्यायला फादर सांगतात. म्हणजे पाळकसाहेबांचाच क्रम.


पहाटवारा (कराड)

काकांना सांगलीला यायचं असेल तर सांगा, माझी गाडी आहे. साताऱ्याहून आणतो, परत सोडतो. बायको परत आल्यावर तिच्या भावांची माफी मागायला मला किती जड गेलं होतं, मला माहीत आहे. आप्पांना फोनवर पहिलं वाक्य सुचत नसेल तर तुम्ही लावून द्या आणि बाजूला बसा.


कृष्णाकाठची (सांगली)

पाळकसाहेब आधी जाऊन आले, त्यानंतर काल फोन लावला. आप्पा "दत्तू, चुकलं माझं" एवढंच बोलू शकले. पलीकडून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पायाचं दुखणं, पाऊस, कोयनेचं पाणी यावर बोलले. जमिनीचा विषय दोघांनीही काढला नाही. यायचं म्हणालेत, दिवस ठरवला नाही. पहाटवारा दादा, ठरलं की तुम्हाला कळवते.

आप्पांनी आज प्रभुभोजन मागितलं. त्यांना चर्चपर्यंत नेता येणार नाही. आमचे पाळक नवीन आहेत, मला विचारायला संकोच वाटतो. घरी देतात का? आणि काका येईपर्यंत थांबावं का?


निवृत्त पाळक (सातारा)

संकोच करू नका. आजारी सभासदाला घरी प्रभुभोजन देणं हे पाळकाचं कामच आहे. आजच फोन करा, शक्य असेल तर मंडळीतले एक-दोन वडील सोबत आणा म्हणावं, म्हणजे मंडळी घरी आल्यासारखी होईल. आप्पांना घास गिळायला त्रास होत असेल तर तसं आधी सांगून ठेवा, भाकरीचा अगदी लहान तुकडा रसात भिजवून देता येतो. पथ्य असेल तर सिस्टरांना विचारा.

काकांसाठी थांबू नका. आप्पांनी आपलं पाऊल टाकलंय. काका आले की पुन्हा घ्या, दोघं मिळून.